माईक कुठे ठेवणार?

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९९३च्या वैशाखात घरच्या अंगणात झालं. झावळ्यांचा मांडव, दाराशी केळीचे खांब, आंब्याचे टाळ, आणि या सगळ्यात हॅलोजनचा दिवा उंच धरून घामाने निथळणारा एक पोरगा. त्याच्यामागून वायरींचा गुंता ओढत शूटिंगवाला फिरत होता. वाडीत त्याआधी दोनच लग्नांचा व्हिडिओ झालेला, त्यामुळे त्याचा मान जवळपास नवऱ्या मुलाएवढा. चहाची पहिली किटली त्याच्याकडे जायची.

त्या लग्नाची तीन तासांची कॅसेट आम्ही आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चामड्याच्या चपलेवर इथे आठ दिवसांत बुरशी चढते, तिथे फितीची काय कथा! तरी चार वर्षांपूर्वी भावाने ती साफसूफ करून पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. चित्र फाटत होतं, रंग विटले होते, पण माणसं ओळखू येत होती. मग थोरले काका दिसले. डोक्याला टोपी, हातात नारळ, समोर तांदळाच्या राशीवर विडा. काका गाऱ्हाणं घालत होते. ओठ हलत होते आणि ऐकू येत होती सनई.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. घरातलं कुठलंही कार्य उभं राहण्याआधी जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. ग्रामदेवता, कुलस्वामी, चतुःसीमेवरचे राखणदार अशी एकेकाचं नाव घेऊन हाक, मग कळत-नकळत झालेल्या चुकांची कबुली, मग मागणं. दर मागण्यापाठी मांडवातून ‘व्हय म्हाराजा’. आमच्या घरचं गाऱ्हाणं कुठेही लिहिलेलं नव्हतं, ते काकांच्या तोंडात होतं. काका २००४ साली गेले. आता ते काम धाकट्या काकांकडे आलंय आणि त्यांना निम्म्या देवांचा क्रम लागत नाही. तो क्रम त्या कॅसेटमध्ये कधीतरी होता. शूटिंगवाल्याने ‘मिक्सिंग’ करताना आवाज काढून त्या जागी सनई भरली, कारण तसं केलं की व्हिडिओ ‘चांगला’ दिसायचा. आणि कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा वाहवा करणाऱ्यांत मीही होते.

म्हणजे दोष एकट्या शूटिंगवाल्याचा नाही. हा व्हिडिओ कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हालाही ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षांनी भाच्याच्या लग्नाची तयारी चालू आहे आणि आजही घरात तो प्रश्न कोणी विचारत नाही, हे माझं दुखणं आहे.

प्रश्न विचारले जातात ते वेगळेच. ड्रोन आहे का? टीझर किती मिनिटांचा? रील दुसऱ्या दिवशी मिळेल का? संध्याकाळी सगळे एका मोबाइलभोवती जमतात आणि वेगवेगळ्या टीमचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाहिले जातात. सगळे देखणे आणि सगळे एकसारखे: पाठमोरी नवरी, हळूहळू उडणारा पदर, आरे-वारेच्या वळणावरून जाणारी गाडी, भाट्याच्या किनाऱ्यावर मावळता सूर्य. टीझर पाहून शूटिंगवाला ठरवणं हे पत्रिकेची छपाई पाहून स्थळ ठरवण्यासारखं आहे. पन्नास लग्नांतली सर्वांत सुंदर तीन मिनिटं कोणीही जोडू शकतो. आपल्या लग्नात नेमकं काय होणार, हे कळायला कुणा तिऱ्हाइताच्या लग्नाचा अख्खा, दीड-दोन तासांचा व्हिडिओ मागून घेऊन बसायला हवं. तो कंटाळवाणा असेल. पण भटजींचा आवाज स्वच्छ येतो का, कन्यादानाच्या वेळी कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर होता, पंगतीत म्हाताऱ्या माणसांजवळ तो थांबला का, हे तिथेच दिसतं. असा व्हिडिओ दाखवायला जो कुरकुरतो त्याच्याबद्दल वेगळी चौकशी करायची गरज उरत नाही.

भाचा म्हणतो, ‘‘आत्या, दोन तासांचा व्हिडिओ बघतो कोण?’’ खरं आहे. पहिल्या वर्षी कोणीच बघत नाही, पाचव्या वर्षीही नाही. आमची कॅसेटही जवळजवळ तीस वर्षं पडून होती. पण ज्या दिवशी लावली त्या दिवशी बहिणीकडे आणि मेहुण्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ते दोघं शेजारी बसून शेंगा खात होते, त्यांना व्हिडिओत काय बघायचं! आम्ही शोधत होतो ते बाकीच्यांना. विहिरीवरची सखू दिसली, मुंबईहून शेवटचा आलेला चुलत भाऊ दिसला, पाट्यावर वाटण वाटणाऱ्या चार बायका ओझरत्या दिसल्या आणि ‘थांब, थांब, मागे घे’ म्हणून सगळे ओरडलो. तो तुकडा सहा सेकंदांचा होता. शूटिंगवाला चुकून स्वयंपाकघरातून गेला म्हणून तेवढा तरी मिळाला. लग्नाच्या व्हिडिओचे नायक-नायिका पुढे आपल्याजवळच असतात, जातात ती भोवतालची माणसं. आजच्या तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये नेमकी त्यांनाच जागा नसते. असलीच तर मागे धूसर, दिव्यांच्या गोळ्यांसारखी.

हिंदुस्थानातल्या चलच्चित्राची सुरुवातच मुळी समारंभ टिपण्यातून झाली आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले फोटोग्राफर. जुलै १८९६मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले, ते पाहून त्यांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. पुढे डिसेंबर १९०१मध्ये केंब्रिजहून सीनिअर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचं मुंबईत स्वागत झालं, तेही सावेदादांनी टिपलं. आपल्याकडची पहिली बातमीची फिल्म म्हणून तिचं नाव घेतात. हे परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३मध्ये. तोवर बारा वर्षं होऊन गेली होती, आणि आधीच्या त्या फिल्ममध्ये कोणी कोणाला ‘पुन्हा एकदा या’ असं सांगितलं नव्हतं. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा स्वतःला आज ‘फिल्ममेकर’ म्हणवतो याला माझी हरकत नाही. त्याचं घराणं फाळक्यांपेक्षाही जुनं आहे, ते सावेदादांचं आहे, एवढंच त्याला कोणीतरी सांगावं. सावेदादांना आवाज टिपायची सोय नव्हती. आमच्या शूटिंगवाल्याला ती होती.

दुसरं दुखणं हुकमाचं. पूर्वी मांडवात भटजींचं चालायचं, फार तर मानपानात एखाद्या मामाचं. आता कॅमेऱ्याचं चालतं. मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर दोन गिंबलवाले, एक स्थिर फोटोवाला आणि एक दिवा धरणारा, अशा चार पाठी असतात आणि पाहुणे कोपऱ्यातल्या एलईडी पडद्याकडे तोंड करून अक्षता टाकतात. त्या बहुतेक गिंबलवाल्यांच्या केसांत पडतात. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी दोघं एकमेकांकडे बघतात, निदान बघावं अशी अपेक्षा असते. मागच्या वर्षी एका लग्नात मी पाहिलं की तो अंतरपाट खाली आल्यावर ‘फोकस नव्हता’ म्हणून पुन्हा वर धरायला लावला. भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी भटजींकडे. मुहूर्त टळून गेला होता आणि कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याचं सातवं कलम सांगतं की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातव्या पावलाला पूर्ण आणि बंधनकारक होतं. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, विधी झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. तेव्हा एखाद्या व्हिडिओत बाकी सगळं राहिलं तरी ही सात पावलं असायला हवीत ना? पण लाजाहोम आणि सप्तपदीच्या वेळी बहुतेक पाहुणे पंगतीला गेलेले असतात, हॉल अर्धा रिकामा असतो, होमाचा धूर असतो, ‘फ्रेम’ चांगली येत नाही. निम्मी टीमही ताटावर बसते. त्यांनाही भूक लागते, पहाटेपासून उभे असतात, मला मान्य आहे. पण मग आळीपाळीने बसा.

बायकांच्या विधींची तऱ्हा आणखी वाईट. घाणा भरणं, देवकाची तयारी, हळद, रुखवत मांडणं, झाल, सूनमुख यांत बोलणं आणि गाणंच जास्त असतं. हळदीला डीजे आला तेव्हापासून गाणारणींचा आवाज त्याखाली दबला, तो भाग निराळा. पण जिथे अजून कोणी गातं तिथेही शूटिंगवाला नवरदेवाच्या बुटांचे आणि घड्याळाचे तुकडे घेत दुसऱ्या खोलीत असतो. बूट दुकानात मिळतात. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ साली आला आणि आमच्या कानपिळीवर जोडे लपवण्याने कुरघोडी केली, तेव्हापासून बुटांचे दिवस आहेत खरे.

मुंबईची टीम की रत्नागिरीतला माणूस, यावर घरात दोन रात्री वाद झाला. माझं मत गावच्या माणसाकडे झुकतं, पण केवळ गावचा म्हणून नव्हे. त्याला ठाऊक असतं की मेमध्ये साडेबाराच्या मुहूर्ताला अंगणातलं ऊन डोक्यावरून खाली पडतं आणि चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, म्हणून मांडवाला वरून पांढरा कपडा लावून घ्यायला तो आधी सांगतो. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेरच्या दमट हवेत आणला तर भिंगावर वाफ धरते, त्यामुळे तो पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवतो. कुठल्या हॉलचा जनरेटर दगा देतो ते त्याला माहीत असतं. मुंबईची टीम चौपदरीकरणाची वर्षं मोजायचं आता लोकांनी सोडून दिलंय अशा महामार्गावरून रात्री दोनला पोचते आणि सकाळी सहाला ‘नवरी मुलीची आई कोण?’ असं विचारत फिरते. उलट बाजूही आहे. गावच्या माणसावर हंगामात फार ओझं असतं. २०२६मध्ये १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे चाकरमानी गावी येतात त्या मे महिन्यातले सगळे मुहूर्त पहिल्या पंधरवड्यात कोंबले गेलेत. एकाच दिवशी तीन-तीन लग्नं घेतलेला माणूस आपल्याकडे कोणाला पाठवणार? ‘ज्याचं काम आम्ही पाहिलं तोच येणार का?’ हा प्रश्न दरापेक्षा आधी विचारला पाहिजे, आणि उत्तरातलं नाव कागदावर उतरवून घेतलं पाहिजे.

ड्रोनचा हट्ट मला कधी समजला नाही. आकाशातून मांडव पत्र्यासारखा दिसतो आणि माणसं मुंग्यांसारखी. शिवाय रत्नागिरीचा विमानतळ शहराच्या अगदी जवळ, आणि तिथे तटरक्षक दलाचं ठाणं. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे अशा ठिकाणच्या आसपास परवानगीवाचून ड्रोन चढवता येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतचा, म्हणजे पावशेर पेढ्यांच्या वजनाचा ड्रोन असेल तर चालकाला प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. ‘आम्ही नेहमी उडवतो’ हे काही परवानगीपत्र नव्हे.

प्री-वेडिंगबद्दल एकच सांगते आणि सोडून देते. आमच्याकडे जोडपी थिबा पॅलेसच्या कमानींत फोटो काढून घेतात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली कैदी म्हणून रत्नागिरीत आणलं, १९१०मध्ये तो या वाड्यात राहायला आला आणि १९१६मध्ये इथेच वारला. मनासारखा वर मिळेना म्हणून त्याच्या मुलींची लग्नं वर्षानुवर्षं रखडली, ही त्या घराची सर्वांत मोठी काळजी होती. लग्नाआधीचे फोटो काढायला इतकी अपशकुनी जागा अख्ख्या जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही, असं मी म्हटलं तर भाच्याची होणारी बायको खळखळून हसली आणि म्हणाली, ‘‘आत्या, लाइट छान असतो तिथे.’’ ती मला आवडली.

पैशाचं आणि कागदाचं बोलायला आपल्याकडे लाज वाटते. आचाऱ्याशी वड्यांची आणि काळ्या वाटाण्याची संख्या ठरवतो, पण शूटिंगवाल्याशी ‘बघा, चांगलं करा’ एवढंच. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्याचं सतरावं कलम असं की पैसे देऊन करवून घेतलेल्या फोटोची किंवा चित्रफितीची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, करवून घेणाऱ्याची. म्हणजे लग्नाचा व्हिडिओ मुळात आपला. पण ‘पॅकेज’च्या कागदात खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील, अशी. आपण तिच्यावर सही करतो आणि पाठवणीच्या वेळी हुंदके देणारी आपली मुलगी दोन महिन्यांनी अनोळखी लोकांच्या मोबाइलवर फिरते. ती ओळ खोडायला सांगता येते. मी सांगितली, त्यांनी खोडली, कोणाचं काही बिघडलं नाही. गाण्यांचंही असंच. लग्नाच्या समारंभात, वरातीत गाणी वाजवायला त्याच कायद्यात सूट आहे. पण तीच गाणी व्हिडिओला चिकटवून इंटरनेटवर टाकली तर आवाज बंद केला जाऊ शकतो. म्हणजे पुन्हा मुका व्हिडिओ! या खेपेला यंत्राने केलेला.

आणि मूळ चित्रण, ज्याला ते लोक ‘रॉ डेटा’ म्हणतात, ते मागायलाच हवं. हिशोब सोपा आहे. साध्या फोर-के चित्रणाला तासाला साधारण ४५ जीबी लागतात, दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी. एक टीबीची डिस्क आपण विकत घ्यायची आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात द्यायची. व्हिडिओ होईल तेव्हा होईल. काकांचं गाऱ्हाणं काही कॅमेऱ्याने पुसलं नव्हतं, मिक्सिंगच्या टेबलावर पुसलं गेलं होतं. मूळ कॅसेट आमच्याकडे असती तर आज धाकट्या काकांना देवांची यादी करत बसावं लागलं नसतं.

माझ्या मतावर भाच्याने घेतलेला एक आक्षेप मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. तो म्हणतो, तुम्हाला हवंय ते दस्तऐवज, आम्हाला हवी आठवण, आणि आठवण सुंदर असलेली काय वाईट? त्यांच्या पिढीला स्वतःचं लग्न पडद्यावर देखणं दिसावंसं वाटतं. यात खोटेपणा असेल तर तो आमच्या करिझ्मा अल्बममध्येही होता, जिथे नवरा-नवरी ढगांवर उभी आणि मागे स्वित्झर्लंड. मी एवढंच म्हणते की देखणं करायला पुढे हवी तेवढी वर्षं आहेत, मूळ चित्रणातून दहा वर्षांनीही नवी फिल्म कापता येईल. उलटं मात्र होत नाही. तीन मिनिटांच्या फिल्ममधून धाकटे काका परत काढता येणार नाहीत. यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे, जेवायची वेळ झाली म्हणून.

शेवटी ठरवला तो पावसजवळचा एक तिशीतला मुलगा. बोलणी करायला तो घरी आला आणि बसायच्या आधी अंगणातून फिरून आला. कॅमेऱ्याचं नाव त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पत्रिका मागून घेतली, विधींच्या वेळा टिपल्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांची नावं आणि ती कुठे बसणार ते विचारलं. भटजी कोण ते कळल्यावर हसला, म्हणाला, ‘‘ते माईक तोंडात धरतात. मी वेगळा रेकॉर्डर ठेवतो.’’ दर त्याचा मुंबईवाल्यांपेक्षा फारसा कमी नव्हता. भावाने घासाघीस केली, त्याने एक अल्बम कमी केला आणि पैसे तेच ठेवले.

मग त्याने विचारलं, ‘‘गाऱ्हाणं कोण घालणार?’’ ओटीवर बसलेले धाकटे काका पुढे झाले. तो म्हणाला, ‘‘काका, तुमच्या सदऱ्याला एवढासा माईक लावतो, कळणारही नाही.’’ काकांनी साफ नकार दिला. देवापुढे यंत्र लावून उभा राहणार नाही, म्हणाले, आणि शिवाय चुकलो तर तेही कायमचं राहील. यावर कोणी काही बोललं नाही. मुलाने जरा वेळ विचार केला, समोरच्या तांदळाच्या ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘नारळ ठेवता ना, त्याच्या मागे ठेवला तर? तुम्ही त्याच्याकडे बघायचंच नाही.’’ काकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते ओटीवर एकटेच बसून बोटांवर देव मोजतात, आणि सातव्या-आठव्या नावापाशी अडले की मला हाक मारून विचारतात, कॅसेटमध्ये थोरल्याचे ओठ तिथे कसे हलतात ते पुन्हा एकदा लावून दाखव.